अकरा वर्षांचा ‘गॅप’

आयटीतली बरी नोकरी, कोथरूडला फ्लॅट, फ्लॅटचा ईएमआय... आणि तिशी उलटल्यावर अचानक डॉक्टर व्हायची हुक्की! वयाची अट गेली, बायोलॉजीची भानगडही सुटली. मग घोडं अडतंय कुठे?

४ मे २०२५. रविवार, दुपारचा एक. पुण्याचं ऊन अगदी ‘मे’ असल्यासारखं. परीक्षा केंद्राच्या गेटवरच्या वॉचमननं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि अदबीनं म्हणाला, ‘‘मॅडम, पालकांनी त्या झाडाखाली थांबायचंय. आत फक्त मुलं.’’

मी अ‍ॅडमिट कार्ड पुढे केलं. त्यानं फोटो बघितला, मग मला बघितलं, मग पुन्हा फोटो. ‘‘तुम्ही स्वतः?’’ मी स्वतः. हाफ बाह्यांचा फिकट कुर्ता, पायात साधी स्लिपर, गळा-कान-हात मोकळे. मंगळसूत्र सकाळीच काढून सासूबाईंकडे दिलं होतं. मागच्या रांगेतल्या एका मुलीनं आईला हळूच विचारलं, ‘‘ह्या पण नीट देणारेत?’’ आई म्हणाली, ‘‘बघ, शिक जरा!’’ त्या काकूंना मी आजवर माफ केलेलं नाही. पोरीला टेन्शन द्यायची ही काय वेळ झाली?

तर, मी ३३ वर्षांची. सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये अकरा वर्षं काढलेली. हिंजवडी फेज ३, कंपनीची बस, कॅन्टीनचा पांचट चहा, वीकएन्डला एफसी रोड. तुमच्यापैकी निम्म्या लोकांचं जे आयुष्य आहे तेच माझं. तक्रार करावी असं त्यात काही नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. कारण ‘आयटीला कंटाळली असेल’ हा शेरा मी गेल्या दोन वर्षांत इतक्या वेळा ऐकलाय की त्याचं टी-शर्ट छापून घ्यावं.

मी डॉक्टर नाही, मी कॉम्प्युटरवाली

सुरुवात २०२२ मध्ये झाली. आमच्या कंपनीनं एका हॉस्पिटलला पेशंटच्या नोंदी ठेवायचं सॉफ्टवेअर दिलं होतं. ते सुरू होताना कुणीतरी तिथं बसून नर्सेसना आणि रेसिडेन्ट डॉक्टरांना मदत करायला हवी होती. टीममध्ये लहान मूल नसलेली मी एकटीच, म्हणून कॅज्युअल्टीची नाइट शिफ्ट माझ्या वाट्याला. तीन आठवडे.

गळ्यात आयकार्ड, समोर स्क्रीन. पेशंटच्या नातेवाइकाला एवढं पुरतं. ‘‘डॉक्टर, आईला नक्की काय झालंय?’’ रात्रीत चार-पाच वेळा हा प्रश्न यायचा. चार-पाच वेळा मी सांगायचे, ‘‘मी डॉक्टर नाही, मी कॉम्प्युटरवाली.’’ पहिल्या आठवड्यात हे सांगताना हसू यायचं. दुसऱ्या आठवड्यात लाज वाटायला लागली. का, ते कळेना.

एका रात्री काम कमी होतं. एक रेसिडेन्ट म्हातारबाबांची नाडी बघत उभा होता. खूप वेळ. नंतर मी विचारलं, एवढा वेळ का लागला? तो हसला. म्हणाला, ‘‘नाडी केव्हाच झाली होती. मी श्वास मोजत होतो. श्वास मोजतोय असं पेशंटला कळलं की तो वेगळा श्वास घ्यायला लागतो. म्हणून हात मनगटावर ठेवायचा आणि बघायचं छातीकडे.’’

एवढंच. यात काही थोर नाही, प्रत्येक मेडिकल स्टुडन्टला हे शिकवतात. पण मी घरी आले आणि टीव्ही बघत बसलेल्या नवऱ्याचं मनगट धरलं. मिनिटाला सोळा. ‘‘काय झालं?’’ तो म्हणाला. म्हटलं, ‘‘काही नाही, नाडी बघतेय.’’ अकरा वर्षांत इतक्या बग्ज पकडल्या, पण त्या सोळाचा आनंद त्यातल्या एकीलाही नव्हता.

एका ओळखीच्या वयस्कर डॉक्टरांना जाऊन हे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून एकच प्रश्न विचारला, ‘‘आयटी सोडायचंय की डॉक्टर व्हायचंय? दोन्ही वेगळं असतं हो.’’ उत्तर देता आलं नाही. त्यांनीच सुचवलं म्हणून मग वर्षभर दर शनिवारी एका धर्मादाय दवाखान्यात केसपेपर काढायला बसले. केसपेपर काढणं हे जगातलं सगळ्यात कंटाळवाणं काम असावं. तरी शनिवारची वाट बघायचे. वर्ष संपल्यावर त्यांना फोन करून सांगितलं, ‘‘व्हायचंय.’’ ते म्हणाले, ‘‘अरे देवा.’’

उलटी गाडी

पुण्याला डॉक्टरांनी दुसरं काहीतरी करण्याचं भारी कौतुक. बी. जे. मेडिकलनं मराठी रंगभूमीला केवढी माणसं दिली! डॉ. श्रीराम लागूंनी १९६९ मध्ये, चाळिशी ओलांडल्यावर, कान-नाक-घशाची प्रॅक्टिस सोडून पूर्णवेळ नाटक धरलं. डॉ. जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ, डॉ. मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ. डॉक्टर नट झाला, दिग्दर्शक झाला की आपण टाळ्या वाजवतो. पण तिशीतली इंजिनिअर ‘मला डॉक्टर व्हायचंय’ म्हणाली की लोक आधी विचारतात, ‘‘घरी सगळं ठीक आहे ना?’’

माझ्या बाजूनं बोलणाऱ्या नातेवाइकांनी लगेच आनंदीबाई जोशी काढल्या. आनंदीबाईंपुढे मी शंभरदा नतमस्तक आहे, पण माझ्या केसमध्ये त्यांचा उपयोग नाही! १८८६ मध्ये त्यांना पेनसिल्व्हेनियात डॉक्टरकी मिळाली तेव्हा त्या २० वर्षांच्या होत्या आणि पुढच्याच वर्षी पुण्यात गेल्या. मला जवळच्या वाटतात त्या रखमाबाई. नको असलेल्या नवऱ्याकडे नांदायला जाणार नाही म्हणून कोर्टात लढल्या, तो खटला १८८४ पासून १८८८ पर्यंत गाजला. १८८९ मध्ये त्या लंडनला मेडिकल शिकायला गेल्या तेव्हा पंचविशीत होत्या आणि १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या तेव्हा तिशीच्या उंबरठ्यावर. त्या काळच्या हिशेबात तिशी म्हणजे आजची पन्नाशी समजा. पुढे सुरत आणि राजकोटमध्ये कितीतरी वर्षं त्यांनी बायकांचे दवाखाने सांभाळले.

आणि अगदी आजचं उदाहरण हवं असेल तर ओडिशाचे जयकिशोर प्रधान. स्टेट बँकेतून रिटायर झालेले. २०२० मध्ये नीट पास झाले आणि वयाच्या ६४ व्या वर्षी बुर्ल्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजात फर्स्ट इयरला बसले. माझ्या बाबांना मी ही बातमी दाखवली. बाबा म्हणाले, ‘‘अगं, ते पेन्शन घेऊन गेले. तू ईएमआय घेऊन निघालीस.’’ बाबा अकाउंट्समधून रिटायर झालेत, वाद घालण्यात अर्थ नसतो.

बायफोकलचं पाप

प्रधानांना बसता आलं त्यामागे मोठी कोर्टकचेरी आहे. २०१७ मध्ये नीटच्या नोटिशीत पहिल्यांदा कमाल वय आलं. खुल्या गटाला २५, राखीव गटांना ३०. लोक कोर्टात गेले, स्थगिती मिळाली. मे २०१८ मध्ये दिल्ली हायकोर्टानं ती अट योग्य ठरवली, तर नोव्हेंबरमध्ये सुप्रीम कोर्टानं पंचविशीपुढच्यांना तात्पुरती परवानगी दिली. शेवटी नॅशनल मेडिकल कमिशननं ऑक्टोबर २०२१ मध्ये ही अट काढायचं ठरवलं आणि मार्च २०२२ मध्ये तसं पत्र निघालं. आता फक्त किमान वय आहे, १७ पूर्ण. वरची मर्यादा नाही, कितीदा परीक्षा द्यावी यालाही मर्यादा नाही. (आपली एएफएमसी मात्र वेगळी. तिथं वयाची अट आहे आणि लग्न झालेलं चालत नाही. वानवडीचा रस्ता माझ्यासाठी दोन्हीकडून बंद!)

पण माझी अडचण वयाची नव्हतीच. माझी अडचण होती बायफोकल.

ज्यांनी महाराष्ट्र बोर्डातून सायन्स केलंय त्यांना हे लगेच कळेल. अकरावीला बायोलॉजी आणि दुसरी भाषा सोडायची आणि त्याऐवजी २०० मार्कांचं इलेक्ट्रॉनिक्स घ्यायचं. स्कोअरिंग! इंजिनिअरिंगला जायचंय ना, मग बेडूक-झुरळं कशाला? २००८ मध्ये माझ्या घरी हा निर्णय घ्यायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. आणि मेडिकलचा नियम असा की अकरावी-बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी सलग दोन वर्षं रेग्युलर शिकलेलं हवं. म्हणजे सोळाव्या वर्षी पाच मिनिटांत मारलेली एक टिक जन्मभराची.

२२ नोव्हेंबर २०२३ ला तेही बदललं. कमिशननं नोटीस काढली की बारावीनंतर बायोलॉजी किंवा बायोटेक्नॉलॉजी जादा विषय म्हणून पास झालेलंही चालेल. ती बातमी मी बसमध्ये वाचली, भूमकर चौकात. शेजारची मैत्रीण म्हणाली, ‘‘अ‍ॅप्रेझल आलं का?’’

आपल्या बोर्डात याला ‘तुरळक विषय’ म्हणतात. नाव किती गोड आहे! ज्युनिअर कॉलेजमधून फॉर्म भरायचा, प्रॅक्टिकल करायचं, एकाच विषयाची बारावी द्यायची. अप्पा बळवंत चौकात सेकंडहॅन्ड पुस्तकं घेतली. दुकानदारानं विचारलं, ‘‘मुलगा का मुलगी?’’ म्हटलं, ‘‘मुलगी.’’ खोटं नव्हतं.

फेब्रुवारी-मार्च २०२५ मध्ये मी दुसऱ्यांदा बारावीला बसले. प्रॅक्टिकलला कांद्याच्या मुळाच्या टोकाची स्लाइड करायची होती. माझी स्लाइड बघून परीक्षक बाईंनी विचारलं, ‘‘आधी कुठं शिकलात?’’ त्या माझ्याहून चारेक वर्षांनी लहान असतील. मी त्यांना ‘मॅडम’ म्हणत होते, त्या मला ‘अहो’ म्हणत होत्या. सगळ्या हॉलमध्ये ‘अगं-अरे’ चाललं होतं, ‘अहो’ एकटी मी.

अभ्यासाचं सांगण्यासारखं फार नाही. पहाटे साडेचार ते सात, जाता-येता बस, शनिवार-रविवार क्लास. हिंजवडीच्या ट्रॅफिकनं मला अख्खं प्लांट फिजिऑलॉजी शिकवलं, त्याचे आभार मानायला हवेत. क्लासमधली पोरं पहिल्या दिवशी मला बघून उभी राहिली, ‘‘गुड मॉर्निंग मॅम!’’ महिन्याभरात ‘ताई’ झाले. मग त्यांच्या ब्रेकअप्सच्या फाइलीसुद्धा माझ्याकडे यायला लागल्या. सतरा-अठरा वर्षांची ती पोरं ज्या स्पीडनं प्रश्न सोडवतात ते बघून माझी छाती दडपायची. १८० मिनिटांत १८० प्रश्न. मिनिटाला एक. बरोबर आला तर ४ मार्क, चुकला तर १ वजा. एखादी गोष्ट मला त्यांच्यापेक्षा जास्त समजायची, पण वेगात ती मला खाऊन टाकायची. अकरा वर्षं ‘नीट वाच, घाई करू नकोस’ याचाच पगार घेतलेल्या बाईला घाई करायला शिकायचं होतं.

एक्सेल उघडा

आम्ही आयटीवाले. रडायच्या आधी एक्सेल उघडतो. नवऱ्यानं आणि मी एका रविवारी बसून शीट केली.

समजा ३४ व्या वर्षी अ‍ॅडमिशन मिळाली. साडेचार वर्षं एमबीबीएस, एक वर्ष इंटर्नशिप. चाळिशी आली. सरकारी कॉलेज असेल तर वर्षभराची बाँडची सेवा. एमडी करायचं म्हटलं तर आणखी एक अवघड परीक्षा आणि तीन वर्षं. म्हणजे ४५ च्या आसपास मी ‘नवीन डॉक्टर’ असणार. त्या वयात माझ्याबरोबरचे लोक व्हीपी झालेले असतील, मी ३६ तासांच्या ड्यूट्या करत असेन, आणि माझा सीनिअर आज कदाचित नववीत असेल. हे मी गमतीनं लिहितेय, पण त्या शीटपुढे आम्ही दोघं बराच वेळ गप्प बसलो होतो.

पैशांचा कॉलम आणखी वाईट. सरकारी कॉलेजची फी वर्षाला लाख-दीड लाखाच्या घरात. ती झेपेल. अभिमत विद्यापीठात वर्षाला वीस लाखांच्या पुढे. ती आम्हाला झेपणारच नाही, फ्लॅट विकला तरी. आणि फीपेक्षा मोठा आकडा म्हणजे माझा न येणारा पगार. तो कुणी मोजत नाही. ‘शिक्षणाचा खर्च’ म्हटलं की लोक फी सांगतात. पण तिशीतल्या माणसाची खरी फी तो न येणारा पगार असतो. सतरा वर्षांच्या पोराला ही फी भरावी लागत नाही.

आणि एक कॉलम आम्ही रिकामा ठेवला. मूल. त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही. एवढंच की सासूबाईंनी अजून एका शब्दानं विचारलेलं नाही आणि त्यांचं ते न विचारणं मला रोज ऐकू येतं.

रिझल्ट जूनमध्ये लागला. त्या वर्षी बावीस लाखांहून जास्त मुलं बसली होती. देशभरात एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास, त्यातल्या परवडणाऱ्या सरकारी जागा निम्म्याच्या आगेमागे. २०२५ चा फिजिक्सचा पेपर भयंकर निघाला. पोरं हॉलमधून रडत बाहेर आली. पहिल्या आलेल्या मुलालाही ७२० पैकी ६८६ होते.

मला ४३१. बायोलॉजी ३६० पैकी २७१. केमिस्ट्री १८० पैकी ९८. आणि फिजिक्स, जो माझा हक्काचा विषय, ज्याच्या जिवावर मी इंजिनिअर झाले, त्यात १८० पैकी ६२. बायफोकलनं बदला घ्यायचा तो असा घेतला.

४३१ म्हणजे पास. पण पास होणं आणि सीट मिळणं यात पुणे-नागपूर अंतर आहे. ओपनमधून सरकारी कॉलेज मिळण्याइतके ते नव्हते. अभिमतमध्ये मिळालं असतं, पण एक्सेल आठवा. तरीही राज्याच्या कॅप राउंडचा फॉर्म भरला. म्हटलं, कागदपत्रांची रंगीत तालीम होऊ दे. डोमिसाइल, दहावी, बारावी (दोन!), मेडिकल फिटनेस... आणि गॅपचं प्रतिज्ञापत्र.

शिवाजीनगर कोर्टाबाहेर टाइप करणाऱ्या काकांकडे गेले. त्यांच्याकडे मसुदा तयार असतो, नाव आणि वर्षं घालायची. त्यांनी विचारलं, ‘‘गॅप किती?’’ ‘‘इंजिनिअरिंगनंतर अकरा वर्षं.’’ त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. टाइप केलेला कागद हातात आला : सदर कालावधीत मी कोणत्याही शैक्षणिक संस्थेत शिक्षण घेतले नाही. म्हटलं, ‘‘काका, मी नोकरी करत होते. ते लिहा ना.’’ काका म्हणाले, ‘‘ताई, ते कुणी विचारलेलं नाही. गॅप म्हणजे गॅप.’’ अकरा वर्षांचं काम, दोन प्रमोशन्स, आईचं आजारपण, लग्न, फ्लॅट, त्या तीन आठवड्यांच्या नाइट शिफ्ट्स... सगळं त्या एका ओळीत. मी सही केली. सही करताना वाईट वाटलं ते नापास झाल्यासारखं नाही, खोटं बोलल्यासारखं. घरी येताना रिक्षात मात्र हसू आलं. ऑफिसमध्ये उलटं होणार होतं ना! तिथल्या रेझ्युमेत ही दोन वर्षं गॅप दिसणार.

मग पर्याय काय? सगळ्यांनी सुचवलेत. बीएएमएस घे, एवढ्या मार्कांत मिळेल. पण आयुर्वेदावर मनापासून प्रेम असणाऱ्यानं ते शिकावं, एमबीबीएस मिळालं नाही म्हणून कशीबशी सीट अडवण्यात काय अर्थ आहे, असं माझं मत. मैत्रीण म्हणते, पुणे विद्यापीठात पब्लिक हेल्थचं मास्टर्स आहे, दोन वर्षांत होतं, तुझा डेटाचा अनुभव कामी येईल. ती बरोबर बोलतेय. खरं तर सगळ्यात शहाणा पर्याय तोच आहे. त्याची माहिती काढून ठेवलीय, जपून, फ्रिजवर मॅग्नेटखाली. रोज दूध काढताना दिसते.

तुमच्यापैकी कुणाच्या डोक्यात हे खूळ असेल तर (आणि आहे! मी हे बोलायला लागल्यापासून ऑफिसमधल्या तिघांनी मला पॅन्ट्रीत गाठून हळूच विचारलंय) माझं ऐका. राजीनामा आधी टाकू नका. आधी बारावीची मार्कशीट काढून त्यावर बायोलॉजी आहे का बघा. नसेल तर एक वर्ष तिथंच जातं. मग एखाद्या दवाखान्यात फुकटचं, कंटाळवाणं काम करून बघा, महिनाभर नाही, वर्षभर. आणि एक्सेल जोडीदाराबरोबर बसून करा, एकट्यानं नाही. एमबीबीएस सुरू झालं की ते नऊ वर्षांच्या आत पुरं करावं लागतं, फर्स्ट इयरला चारच संधी असतात. मध्येच ‘ब्रेक’ घेऊ असं आयटीसारखं तिथं चालत नाही.

आमच्या घरचा तह असा झालाय : अजून एक नीट. एकच. त्यासाठी मी चार महिन्यांची बिनपगारी रजा मागितली. मॅनेजर म्हणाला, ‘‘फॉर्मवर कारण लिही.’’ मी लिहिलं, ‘शिक्षण’. त्यानं वाचलं, म्हणाला, ‘‘एमबीए का?’’ म्हटलं, ‘‘फिजिक्स.’’

रजा मंजूर व्हायची आहे. तोपर्यंत साडेचारचा गजर चालू आहे. सध्या रोटेशनल मोशन. सासूबाई पाच वाजता उठतात, माझ्या टेबलावर चहा ठेवतात, वहीत डोकावतात. परवा म्हणाल्या, ‘‘हे चाक फिरतंय ते कशाचं गं?’’ मी समजावून सांगितलं. वीस मिनिटं लागली. त्यांना कळलं की नाही माहीत नाही, पण तो प्रश्न पहिल्यांदाच माझा बरोबर आला.